सिमेंटची जानकी

भटवाडी, घाटकोपर
ता. २१ जानेवारी १९८६

जानके,

हे पत्र तुला तुझ्या शेजारच्या मथुराबाई वाचून दाखवतील. त्या सातवी शिकलेल्या आहेत असं अनू म्हणाली. मथुराबाई, तुमची माझी ओळख नाही, पण हात जोडून सांगते, मधलं काही गाळू नका आणि आपल्या पदरचं काही घालू नका. दोघी बहिणींमधलं तिसऱ्या तोंडून जाणार हे मला आवडत नाही. पण करणार काय?

सात वर्षांनी लिहितेय. कशी आहेस विचारत नाही, कारण तू कशी आहेस ते अख्ख्या पार्ल्याने बघितलंय. आपली अनू तिथे कॉलेजात आहे, शेवटच्या वर्षाला. संक्रांतीला मैत्रिणींबरोबर तिथल्या एका हॉलमध्ये मूर्तींचं प्रदर्शन बघायला गेली. घरी आली ती चपला न काढता मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत बसली. मला वाटलं कुणी छेडलं. तर म्हणते, "आई, मावशी तिथे बसलीय. सिमेंटची."

मी तिच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

मग हळूहळू कळलं. कुणी श्यामकांत म्हणून ड्रॉइंगचे मास्तर आहेत, त्यांनी केलीय. माणसाएवढी बाई. खाली पाटी, "बटीक". अनू मला शाळेतल्या पोरीसारखं समजावते, की पेशवाईत बायका विकत घ्यायचे, त्यांना बटीक म्हणायचे. मला शिकवते! भांडणात तुझ्या भावोजींना मी शंभरदा म्हटलंय, मी काय तुमची बटीक आहे का? आपल्यात कुठची बाई म्हणत नाही?

अनूने त्या मास्तरांनाच विचारून तुझा पत्ता आणला. वेसाव्याला राहतेस, सकाळी त्यांच्या शेडमध्ये माती मळतेस आणि दुपारी कोळंबी सोलतेस. घाटकोपर ते अंधेरी एक बस जाते गो, आणि मी सात वर्षं समजत होते की तू गावाला गेलीस. गावचे समजत होते तू माझ्याकडे आहेस.

आता मुद्द्याचं. अनूचं लग्न ठरलंय. मुलगा मुलुंडचा, नंदकिशोर नाव, बँकेत आहे, मे महिन्यात तारीख आहे. आणि ही कार्टी तीन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि चौथ्या दिवशी बोलली ते असं: "मावशी मांडवात आली नाही, तर मी पाटावर उभी राहणार नाही." मी समजावलं, ओरडले, जेवण टाकलं. तिने पण टाकलं. हट्टाला माझ्यावर गेलीय.

तेव्हा दोन गोष्टी कर. एक म्हणजे त्या मास्तरांना सांग की चेहरा बदला. नाक थोडं चपटं केलं तरी चालेल. नंदकिशोरची आत्या पार्ल्याला राहते. आणि दुसरी म्हणजे लग्नाला ये. भाडं मी देईन.

आणि एक विचारते. तुला मी काय कमी केलं होतं? वेळेवर जेवण, दिवाळीला पातळ. एक वर्ष तर मी स्वतःला न घेता तुला घेतलं होतं, निळं, आठवतं ना? गेलीस त्या दुपारी स्टोव्हवर भात ठेवून गेलीस. करपून कोळसा झाला. ना भांडण, ना तंटा. का गेलीस ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

उत्तर पाठव.

तुझी बाय,
विमला


भटवाडी
ता. २८ जानेवारी १९८६

जानके,

मथुराबाईंचं कार्ड मिळालं. दोन ओळी. "पत्र वाचून दाखवलं. जानकीबाय काही बोलली नाही, कोळंबी सोलत होती." बास. मथुराबाई, तुमचा राग नाही, तुम्ही काय करणार. पण सगळं ऐकून माणूस हूं नाही की चूं नाही?

तू काही बोलणार नाहीस हे बघून मीच गेले पार्ल्याला. कंपनीत हाफ डे टाकला. कुणाला सांगितलं नाही. त्या मास्तराला चांगला फैलावर घेणार होते. म्हणणार होते, बेअब्रूचा दावा लावीन. वाटेत बसमध्ये बोलायची तयारी पण केली होती.

हॉलमध्ये शिरले. बरीच माणसं होती, बूट काढून हळूहळू चालत होती. मूर्ती पार टोकाला, आणि दरवाजातून तिची नुसती पाठ दिसते. जानके, खरं सांगते, मी तिथेच थांबले. चेहरा बघायची गरजच पडली नाही.

तुला ती कशी दिसते हे माहीत असेलच, पण मला लिहायचंय. एक पाय मुडपलेला, दुसरा गुडघा वर. बूड जमिनीला पुरतं टेकलेलं नाही, सगळा भार चवड्यावर. पुढे सिमेंटचं ताट. घास उचललाय आणि हात अर्ध्यावर थांबलाय, आणि मान जराशी वळलीय, आतून कुणी हाक मारलीय का ते ऐकायला. ना साखळी, ना बेडी. मी मनात म्हटलं, ह्यात गुलामीचं काय आहे? बाई जेवतेय.

मग बघत राहिले तर बाकीचे रडत होते. म्हणजे सगळे नाही, पण एक पार्लेकरीण चष्मा काढून डोळे टिपत होती, म्हणाली, "त्या काळी बायकांनी काय काय सोसलंय." पायरीवर तिची मोलकरीण दोन पिशव्या घेऊन अर्धा तास उभी होती, ते मी येताना बघितलं होतं. मला हसू आलं. एक दाढीवाला कागदावर काहीतरी लिहून घेत होता. कॉलेजच्या दोन मुली एकमेकींचा हात घट्ट धरून उभ्या होत्या, आणि एक जण नुसता "कसली झकास बोटं केलीत यार" म्हणत फिरत होता. कुणीतरी संक्रांतीला सिमेंटच्या ताटात तिळगूळ ठेवला होता, तो तसाच होता, त्याला मुंग्या लागलेल्या. देव म्हणून ठेवला, की भूक लागली असेल म्हणून, कुणास ठाऊक.

आणि मला काय वाटलं? मथुराबाई, हे पण वाचा. मला रडू नाही आलं. मला राग आला. माझ्या मनात पहिलं हे आलं की ही बसलीय काय? नळाचं पाणी जाईल ना.

असं आलं मनात. मी काही करू शकले नाही. आपोआप आलं.

तेवढ्यात मास्तर आले. मला वाटलं होतं कुणी झब्बेवाला ऐटबाज माणूस असेल, तर एक हडकुळा गृहस्थ, शर्टाची कॉलर उसवलेली. मी म्हटलं, मी तिची थोरली बहीण. चेहरा बदला. ते म्हणाले, "चेहऱ्यावरून ओळखलंत का तुम्ही?"

मग मी विचारलं, माझ्या बहिणीला असं का बसवलंत? ते म्हणाले, "मी नाही बसवलं, बाई. मला तर एक आराम करणारी बाई करायची होती. मी जानकीबाईंना म्हटलं, तुम्ही आपल्या आरामात बसा. त्या अशा बसल्या. मी म्हटलं, अजून सैल बसा. त्या म्हणाल्या, सैलच बसलेय."

मी घरी आले. अनूला काही सांगितलं नाही. माझी तिळमात्र भूक नव्हती पण जेवले, म्हणजे प्रश्न नको.

तू बोल गो काहीतरी. शिव्या दे.

विमला


भटवाडी
ता. १९ फेब्रुवारी १९८६

जानके,

ह्या वेळी कार्ड पण नाही.

तुझे भावोजी पण जाऊन आले. संप झाल्यापासून गिरणी गेली ती गेलीच, आता विक्रोळीला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेत. पाळी संपल्यावर प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी गेले. मी म्हटलं, काय बघितलंत? आधी बिडी पेटवली. मग म्हणाले, "थंय भिंत नाय काय नाय, पण माका आपली मोरी दिसली." एवढंच. तू जेवायला बसायचीस ती मोरीच्या तोंडाशीच ना. त्या दिवसापासून स्वतःचं ताट स्वतः उचलतात. बावीस वर्षांत ह्या माणसाने पाण्याचा पेला हाताने घेतला नव्हता, जानके. मला बरं वाटायला पाहिजे. मला भीती वाटते.

घरात कुणी भांडत नाही. भांडले असते तर मी तोंड दिलं असतं, मला येतं ते. अनू कॉलेजातून येते, माझ्या आधी भांडी घासून टाकते. मी हातातून घ्यायला गेले तर बाजूला होते. "राहू दे आई, तू दमलीयेस." इतक्या सभ्यपणे बोलते की मला वाटतं एक ठेवून द्यावी.

एक गोष्ट माझ्या पोटात आहे, ती आता बोलते. सगळे तुझ्यासाठी हळहळतात. माझी कुणी मूर्ती करील का गो? मी चारला उठत नव्हते? पहिल्या पाळीला औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायला आठ तास उभी राहत नव्हते? अनूच्या पाठच्या आपल्या नंदूच्या वेळी बाळंत होऊन चाळिसाव्या दिवशी कामावर गेले. सासरचं कुणी यायला तयार नव्हतं. मुंबईत ज्याची बायको कामावर जाते त्याने गावाहून एक पोर आणायची, हे सगळ्या चाळीत चालत होतं. बाजूच्या कुंदाने नणंदेची मुलगी आणली, खालच्या धाकूने पुतणी आणली. त्यात कुणाला वावगं दिसलं नाही. बाबांनीच तुला माझ्या हाती दिलं. म्हणाले, घेऊन जा, दोन घास खाईल, शाळा शिकेल, पुढे तूच उजवून टाक.

शाळा. हो. मथुराबाई, तुम्ही वाचताय म्हणून मला लाज वाटते, पण लिहिते. ती अकरा वर्षांची आली तेव्हा तिला पाटीवर नाव लिहिता येत होतं. गावच्या शाळेत दोन वर्षं गेली होती. मी तिला म्युनिसिपालटीच्या दुपारच्या शाळेत घातली. पंधरा दिवस गेली. मग नंदूला गोवर आला. मी म्हटलं, गोवर बरा झाला की जा. गोवर बरा झाला, मग पावसाळा लागला, मग अनूला बालवाडीत सोडायचं आणायचं कोण, मग राहिलंच. मुद्दाम नाही केलं गो. आज करू उद्या करू, असं बारा वर्षं झालं. आता माझी बहीण माझं पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकते.

अनू मागच्या रविवारी तुला भेटून आली हे तिने मला काल सांगितलं. मूर्ती परत शेडमध्ये आणलीय म्हणाली, कुणी घेतली नाही, घरात ठेवायला लोकांना भीती वाटते. आणि म्हणाली की तू तिच्या गुडघ्यावर ओली फडकी वाळत घालतेस. मी हसले. खूप दिवसांनी हसले. अनू नाही हसली.

तिने तुला लग्नाचं विचारलं, तू "बघू" म्हणालीस. बघू म्हणजे काय? माझी पोर बोहल्यावर चढते की नाही ते तुझ्या त्या बघूवर अडलंय. मुलुंडवाल्यांना मी काय सांगू?

विमला


भटवाडी
ता. ११ मार्च १९८६

जानके,

मथुराबाईंना आधी सांगते. हे पत्र घरात चारचौघांसमोर वाचू नका. दोघीच असाल तेव्हा वाचा. आणि वाचून झाल्यावर तुम्हाला माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू दे.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तू का गेलीस ते मला कळलं नाही. ते खोटं होतं. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.

तुला चंदर आठवतो की नाही, माहीत नाही. विक्रोळीच्या कारखान्यात फिटर होता, मागच्या चाळीत आई आणि तो दोघंच राहायचे. त्याच्या आईने तुला नळावर बघितलं होतं. एकवीस वर्षांची होतीस. म्हातारी एका दुपारी माझ्याकडे आली, नारळ घेऊन. म्हणाली, तुमची जानकी आम्हाला द्या, हुंडा नको, काही नको, मुलगी गुणाची आहे. तू तेव्हा रेशनच्या लायनीत होतीस.

चांगलं स्थळ होतं. पगार होता, व्यसन नव्हतं. तू पण त्याच्याकडे बघून एकदा हसली होतीस, ते मी बघितलं होतं. मी काय केलं माहीत आहे? मी तिथे बसल्या बसल्या हिशोब केला की नंदू दहा वर्षांचा, अनूचं सहावीचं वर्ष, माझी पहिली पाळी, सकाळचं पाणी कोण भरणार? आणि मी तोंड बारीक करून म्हटलं, "मावशी, तुम्हाला फसवायचं नाही. पोरीला फिट येते."

दुसरं काही पण सांगता आलं असतं. वय कमी आहे म्हटलं असतं, पत्रिका जुळत नाही म्हटलं असतं. पण मला वाटलं, ही म्हातारी चिवट आहे, परत येईल. म्हणून असं सांगितलं की परत येणारच नाही. ती बिचारी नारळ ठेवून गेली. वर मलाच म्हणाली, तू तिला सांभाळतेस, मोठ्या मनाची आहेस.

त्या नारळाची मी सोलकढी केली. तू पण प्यायलीस.

मग ती गोष्ट तीन चाळींत पसरली. तुला परत कुणी विचारायला आलं नाही. मला वाटायचं आज ना उद्या येईल कुणीतरी, तेव्हा करू. हे पण आज ना उद्याच. दोन वर्षांनी ती म्हातारी तुला बाजारात भेटली आणि मायेने विचारलं, आता फिट येते का गो? तू घरी आलीस, भात चढवलास आणि गेलीस. म्हातारीने दुसऱ्या दिवशी मला सांगितलं की तुझी बहीण माझ्याकडे बघत राहिली आणि काही न बोलता वळली. मी तिला म्हटलं, तिला तसंच होतं फिट येण्याआधी.

बघ, तेव्हा पण सुचलं मला.

हे अनूला माहीत नाही. भावोजींना माहीत नाही. नऊ वर्षं मी हे कुणापुढे काढलं नाही आणि आता एका अनोळखी बाईच्या हातात लिहून देतेय. मूर्ती बघून आल्यापासून मला दुसरं काही सुचतच नाही. बाटलीला लेबल लावते आणि तुझी पाठ दिसते. आपल्या वेतोबाला नवस बोलायचा म्हटलं, तर काय बोलू? काय मागू?

माफी मागायला तोंड नाही. चंदरचं लग्न झालं, त्याला दोन मुलं आहेत. तुझी ती वर्षं मी कुठून आणून देऊ?

लग्नाला ये असं आता लिहिणार नाही. तू एकदा घरी ये. मला शिव्या द्यायला ये. एकदा मी तुझ्यासमोर बसते, तू बोल.

विमला


भटवाडी
ता. २१ एप्रिल १९८६

जानके,

काल तू आलीस.

तुला सगळं माहीत आहे, तू इथेच होतीस. तरी लिहिते, कारण मला ते नीट लावून बघायचंय, कुठे काय झालं ते.

अनू तुला घेऊन आली तेव्हा अकरा वाजले होते. मी वडे-सागोती केली होती. तुला खुर्चीत बसवलं. भावोजींनी स्वतः पाणी आणून दिलं, अर्धं पाणी लादीवर. तू म्हणालीस, "बाय, तुझे केस पिकले गो." मी म्हटलं, तुझे पण. मग नंदू कामावरून आला, एवढा बाप्या, तुझ्या पाया पडला आणि तू त्याचा कान धरलास. तू चार वडे खाल्लेस. मी मोजले. मी वाढत होते आणि तू बसून खात होतीस. चंदरबद्दल तू काही बोलली नाहीस, मी पण नाही. मोरीजवळ माझ्या पाठीवरून एकदाच हात फिरवलास आणि म्हणालीस, "झाला तां झाला." मला तेवढ्याने रडू फुटलं. मग तू अनूला सांगितलंस की लग्नाला येईन. पोरीने तुला अशी मिठी मारली की मला वाटलं, सुटले. माझं सगळं परत आलं.

चार वाजता मुलुंडवाले आले. ते यायचे होते पुढच्या रविवारी. मानपानाच्या साड्या दाखवायला मधेच आले. पाच माणसं. नंदूला मी खुर्च्या मागायला पाठवलं, भावोजी पेढे आणायला खाली गेले, अनूला साडी नेसायला आत ढकललं. आणि मी दारात उभी राहून या या बसा बसा करत होते, आणि पाठ न वळवता म्हटलं, "जानके, सहा कप चहा टाक गो. आणि दूध पुरायचं नाही, खालून एक पिशवी घेऊन ये."

मला ऐकूच आलं नाही मी काय बोलले ते. शपथेवर सांगते, जानके. माझं लक्ष त्या साड्यांकडे होतं.

तू उठलीस. दूध आणलंस. सहा कप चहा झाला, आलं घालून, नंदकिशोरच्या आईला फार आवडला. तू ट्रे घेऊन उभी होतीस, हात ओले होते, पदर खोचलेला. तिने तुझ्याकडे बघून मला विचारलं, "ह्या कोण?"

तेव्हा मला दिसलं. तुझ्या हातातला ट्रे दिसला. मी काय करून बसले ते कळलं. आणि मी काय विचार केला माहीत आहे? बहीण म्हणून सांगितलं तर ही म्हणेल, सात वर्षांनी घरी आलेल्या बहिणीला उभं करून चहा करायला लावला. म्हणतील, काय हे घराणं. मी म्हटलं, "आमच्याकडे असते."

तोंडातून गेलं. दरवाजात अनू उभी होती, नवी साडी नेसून. तिने ऐकलं. तू पण ऐकलंस. तू नंदकिशोरच्या आईकडे बघून हसलीस, आणि रिकामे कप गोळा करायला लागलीस.

तासभर ते बसले. साड्यांचे काठ, पंगतीला काय, बँडवाला कोण. मी हो हो म्हणत होते आणि मोरीतून कप विसळल्याचा आवाज येत होता. ते गेल्यावर आत आले तर कप विसळून पालथे घातलेले, हंडा भरलेला, ओटा पुसलेला. तू पिशवी घेऊन तयार होतीस. अनू भिंतीला टेकून रडत होती आणि तू तिलाच समजावत होतीस, "रडा नको गो. मी लग्नाक येतलंय. तुझ्यासाठी येतलंय."

माझ्याकडे बघून म्हणालीस, "बाय, येतंय मी." रोज बाजारात जाताना म्हणायचीस तसंच. आवाजात राग नव्हता. तू रागावली असतीस तर मी पाय धरले असते. मी नुसतं हो म्हटलं.

अनूने आज सकाळी मला सांगितलं की लग्न ती करील, मावशी येतेय म्हणून करील, पण नंतर ह्या घरात माहेरपणाला येणार नाही. मी म्हटलं, बरं. मी तिला विचारलं, मूर्ती बघून मला पण वाईट वाटलं होतं ना, मी चार पत्रं लिहिली ना, सगळं कबूल केलं ना, मग काल असं का झालं? ती म्हणाली, "मला नाही माहीत आई." तिला पण नाही माहीत आणि मला पण नाही.

आज दिवसभर मी बाटल्या लावताना मनात म्हणून बघत होते, जानकी माझी बहीण आहे, जानकी माझी बहीण आहे. एकटी असताना येतं बरोबर. पण लग्नात दोनशे माणसं असतील. अक्षता वाटायच्या असतील, कुणाची ओटी राहिली असेल, कुणाला पाणी हवं असेल, भटजी तूप मागत असेल. मी घाईत असेन. माझ्या तोंडात पहिलं नाव तुझंच येणार. मी स्वतःला ओळखते आता. तुला येऊ नको म्हटलं तर माझी पोर उभी राहणार नाही. ये म्हटलं तर मी हे परत करणार. मला ह्यातून वाट दिसत नाही.

म्हणून तुझ्याकडेच मागते. आजवर सगळं तुझ्याकडूनच घेतलं, आता हे पण. मथुराबाई, पुढची ओळ तिला दोनदा वाचून दाखवा.

जानके, मी हाक मारीन. तू उठू नको.

विमला